सात किलो चारशे

वजनकाट्यावर आधी मी एकटी,
मग पाठीवर पिशवी घेऊन मी.
वजाबाकी मोरेश्वरनं केली, पेपरातून मान वर न काढता:
सात किलो चारशे.

डॉक्टर सबनीस म्हणालेत, पाचच्या वर काही उचलायचं नाही.
एल फोर, एल फाइव्ह.
मणक्यांची नावंसुद्धा कुठल्या स्टेशनांसारखी.

म्हणून लादीवर सगळं मांडून बसलेय,
ऐरोली, सेक्टर आठ, रविवारची दुपार.
डब्याएवढा संच. हँडी. तिची जादा बॅटरी.
वीस मीटर तार, मधोमध चिनीमातीचा तुकडा.
दिवा गावच्या वैतीनं दिलेलं जाळ्याचं शिसं.
आणि गलोल.
गलोल बघून वॉचमन हसला होता.
त्याला म्हटलं, बाबा, चिमण्या नाही मारत.
दोरीला हे शिसं बांधायचं,
त्या झाडाच्या शेंड्यावरून पलीकडं टाकायचं,
मग तार वर चढते, तारेवरून माझा आवाज.
गाव कुठलं तुझं? म्हणाला, अररिया.
म्हटलं, जातो तिथवर. रात्री, हवा बरी असली तर.
तेव्हापासून नेम तोच धरतो.

काढायचं काय?
चिक्की काढली. परत ठेवली.
शिट्टीचं वजन ते काय.
पेन नाहीच, दोन पेन्सिली: ओल्यात शाई पळते.
परवान्याची झेरॉक्स, प्लास्टिकात,
फोटो चरईच्या एक्स्चेंजमधल्या दिवसांतला,
जेव्हा दोन माणसांना जोडून देऊन
आपण बाजूला व्हायचं, याचाच पगार मिळायचा.

इन्सुलेशन टेप सापडेना.
तो न्हाणीतल्या गळक्या नळाला गुंडाळलाय.
टॉर्चमधले सेल भिंतीवरच्या घड्याळात चालतायत.
बिस्किटं नातवानं कधीच संपवली,
पुडा तेवढा फुगवून जागेवर ठेवलाय, शहाणा.
म्हणजे आणीबाणी आलीच नाही, असं नाही.
सुट्ट्या पैशांत येत राहिली.

एकदा मात्र बंदी नोट.
मे महिन्यातली रात्र, रबाळ्याच्या बाजूनं वास,
डोळे झोंबायला लागले, मोबाइल नुसतेच गोल फिरत.
मी पिशवी पाठीला लावून तीन जिने उतरले
आणि चौथ्यावर कंबरेनं दगा दिला.
उताणी पडले, पिशवीवरच.
पाठीखालून भिवंडीचे अन्सारीसाहेब
माझं नाव पुकारत होते.
तीनदा.
हात पोचेना.
मग त्यांनी पनवेलच्या ठोंबरेला हाक मारली.

जड काय आहे ते मला माहीत आहे.
बारा व्होल्टची, विटेसारखी, दोन किलो सहाशे.
ती काढली की उरतात चार किलो आठशे.
डॉक्टर खूश. संच मुका.

मोरेश्वरला म्हटलं, बॅटरी तू घेशील?
तो म्हणाला, मी कशाला जिना उतरतोय तुझ्या त्या खरखरीसाठी.
एकतीस वर्षं तो त्याला खरखर म्हणतो.
मीही एकतीस वर्षं त्याच्या घोरण्याला काही म्हटलेलं नाही.

रात्री नऊला नेट.
रेडिओवर बाई कितीही वयाची असो, यंग लेडी.
एकसष्टाव्या वर्षी एवढंच काय ते तरुण उरलंय.
यंग लेडी, काही निरोप?
निरोप नाही, म्हटलं. पिशवीबद्दल बोलले नाही.
सेव्हन्टी थ्री.

पाणी प्यायला उठले तर
दाराच्या खिळ्याला त्याची बाजाराची पिशवी, ताणलेली.
आत रक्तदाबाच्या गोळ्या, छत्री, दाढीचं सामान,
आणि जुन्या बनियनमध्ये बांधलेली बॅटरी.
दोन्ही टोकांना टेप, नीट, तीन तीन वेढे.

आतल्या खोलीत घोरणं चालू होतं, जरा जास्तच मोठ्यानं.
न्हाणीत नळ पुन्हा टपकत होता,
नुसते डिट, एकही डा नाही.
थोडा वेळ ऐकलं.
मग खाली बादली लावली.