हरकत क्रमांक बावीस

लिहून घेण्याचं काम माझं. कनिष्ठ लिपिक.
तहसीलमधून आणलेलं रजिस्टर, दोन निळे पेन.
जिल्हा परिषद शाळेचं पटांगण, मे महिना,
मांडवाच्या कापडावर औष्णिकच्या राखेचा पातळ थर,
वारा आला की थोडी साहेबांच्या फाइलवर.

साहेब म्हणाले, बोटाच्या पेराहून लहान एक गोळी
टनभर कोळशाचं काम करते.
टाळ्या पडल्या. तेही लिहिलं.
अपघाताची शक्यता, दहा लाख वर्षांत एकदा.
मागून कुणी विचारलं, कोनत्या वर्षी?
हशा लिहायचा नसतो.

क्रमांक सात. दसरू पचारे, ढिवर.
"आता वर्धेत माह्या गुडघ्याएवढं पानी.
तुमची भट्टी थंडी कराले कोठून आनसान?"
धरणात आरक्षण आहे.
कोणाच्या वाट्यातून, ते दुसऱ्या खात्याकडे.

क्रमांक पंधरा हरकत नव्हे. प्रणोती उराडे, नर्स.
"येऊ द्या. माझा बाप या राखेनं नेला.
एक्स-रेत कापसाचं वावर फुटलं होतं.
तेव्हा कोणी मांडव टाकला नाही,
शक्यता सांगायला कोणी आलं नाही."
पटांगण गप्प.
'समर्थन' या रकान्यात मी एक रेघ ओढली.
रेघ फारच बारीक वाटली.

क्रमांक बावीस. सुगंधा आत्राम, निशाणी अंगठा.
"राख दिसते, बाबू. सकाळी उठलं का झाडतो.
हे तं दिसतच नाही म्हनता.
मंग कायनं झाडू?"

साहेबांनी पाण्याची बाटली उघडली.
मग छातीला लावायचा एक बिल्ला दाखवला,
हा मोजतो, म्हणाले.
"मोजते," ती म्हणाली. "झाडत नाही."

शंकेचे निरसन करण्यात आले.
हे वाक्य माझं नाही,
नमुन्यात छापूनच येतं.

रात्री प्रत तयार करताना जाड अहवाल चाळला.
परिशिष्ट चार, तळटीप, मुंगीएवढी अक्षरं:
कोळशाच्या राखेतही युरेनियमचा अंश असतो,
किंचित, मर्यादेच्या आत.

म्हणजे बाई इतकी वर्षं
तेच झाडत होती,
उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत,
शिंदीच्या फड्यानं.

डोक्यावरून चारशे केव्हीच्या तारा
पश्चिमेकडे गेलेल्या.
मी बावीसपुढचं 'निरसन' खोडलं,
पुन्हा लिहिलं,
पेन बदलून पाहिला.