पंजा

हा बल्लारशाच्या लिलावातून आला.
अठरा वर्षं सागवान उचललेलं त्याने,
सरळसोट, नंबर मारलेलं,
एका दमात चार-चार ओंडके ट्रकच्या डोक्यावरून.
वेलजीभाईंनी भंगाराच्या भावात घेतला
आणि रे रोडच्या वखारीत आणून उभा केला
काट्याशेजारी. काट्यावर मी असते.

पहिल्याच दिवशी गुलमोहर त्याच्या हातून निसटला.
माहीमच्या कुठल्याशा गल्लीतला, महापालिकेने तोडलेला,
दोन ठिकाणी वाकडा, मध्येच फुगलेला,
पोटात कुणाच्या तरी क्लासची पत्र्याची पाटी:
'दहावी गणित, खात्रीशीर'.
झाडाने ओठ मिटून अर्धी गिळलेली.
पंजाला सागाची सवय. त्याला वाटलं, धरलंय.
ओंडका हवेतच गरकन फिरला
आणि धाकूच्या चपलेपासून वीतभरावर रुतला.
धाकू शेलार, बावीस वर्षं हमाल, जागचा हलला नाही.
एवढंच म्हणाला,
"ह्याला मुंबईचं लाकूड ठाव नाही."

मग दारूखान्यातून हुसेन दलवी मिस्त्री आले.
मशीनला हातच लावला नाही त्यांनी.
स्टुलावर बसले, चहा घेतला, धाकूला म्हणाले, "उचल."
धाकूने उचललं.
"पुन्हा. सावकाश."
डावा हात खाली, जड बाजूला.
मग गुडघा.
उजवा अगदी शेवटी.
"उजवा शेवटी का रे?"
"आधी लावला तर कुठं जायचं ते लाकूड ठरवतं."
मिस्त्रींनी खडूने फरशीवर एक रेघ ओढली,
पुसली, दुसरी ओढली.

तीन दिवस ठिणग्या. मी वहीवर गोणपाट टाकून बसले.
फोडलेल्या जहाजाचा पत्रा कापला,
लाल रंगाखाली निळा, निळ्याखाली
वखारीत कुणालाच वाचता न येणारी अक्षरं.
त्यातून पंजाला तिसरं बोट केलं,
आखूड, पिनेवर सैल,
जे आपलं आपण वाकडेपण शोधत जातं.
लॉरीच्या जुन्या पाट्यांची केली झोळी,
ओंडका त्यात टेकतो, अंग झटकतो,
आणि लोळत फोडणीयंत्राच्या पात्यापर्यंत जातो.
तेलाचा दाब निम्म्यावर आणला.
"सागाला आवळलेलं चालतं," मिस्त्री म्हणाले,
"हा ओला माल. जास्त आवळला की
सालीतून साबणासारखा सुटतो."

चौथ्या दिवशी पंजाने पर्जन्यवृक्षाचं
सर्वांत बेढब खोड उचललं.
दोन बोटं टेकली. तिसरं थांबलं,
चाचपडलं,
मग बसलं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
धाकूचा गुडघा तेवढा जागच्या जागी वाकला.

बिल देताना मिस्त्री म्हणाले, निम्मे धाकूचे.
वेलजीभाई हसले. त्यांना विनोद वाटला.
मिस्त्री हसले नाहीत, पैसे मोजून
निम्मे टेबलावरच ठेवून गेले.
मी वहीत ओळी मांडल्या:
पत्रा. पिना. पाटे. वेल्डिंग.
पाचवी ओळ, धाकू शेलार,
आणि पुढे कशाबद्दल ते सुचेना.
'हात' लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.
त्याच पानावर खाली बाकीच्या तिघांचा हिशेब आहे,
शेवटचा. त्यांना लिव्हर येत नव्हता
आणि मशीनला एकच माणूस पुरतो.

पाववाल्यांच्या भट्ट्या एकेक करून गॅसवर गेल्या.
आता फोन येतो तो बहुतेक स्मशानातून.
"तीनशे किलो. तासाभरात."
नाव ते सांगत नाहीत, मी विचारत नाही.
पलीकडे कुणीतरी रडत असतं किंवा
रिक्षाचं भाडं ठरवत असतं.
धाकू केबिनमध्ये चढतो. डावा लिव्हर आधी.
ओंडका वर येतो, डुलत नाही.
फोडलेलं लाकूड काट्यावर पडतं,
दोनशे ऐंशी, दोनशे नव्वद,
शेवटची ढलपी तो खाली उतरून हातानेच टाकतो.

काटा जरा डुगडुगतो म्हणून
त्याच्या एका पायाखाली मी ती पाटी घडी करून सारलीय.
'खात्रीशीर' एवढंच बाहेर दिसतं.