दुसरं कोणीतरी

सोसायटीत संगणक तीन, प्रिंटर एक,
आणि सगळ्यांवर खाऱ्या वाऱ्याचा चिकट हात.
बंदराकडची खिडकी कितीही घट्ट लावा,
की-बोर्डवरचा 'न' अडकतोच.
मग थंडीने कुडकुडल्यासारखी
ननननननौका
कागदाच्या काठापर्यंत जाते.

आज डिझेल परताव्याची शेवटची तारीख.
एकशे बारा नौका, तीन महिन्यांचे लिटर,
आणि फाईल म्हणते,
ही 'मिराशी' यांनी उघडलेली आहे,
तुम्हाला फक्त वाचता येईल.

मिराशी मार्चमध्ये निवृत्त झाले.
शाल दिली, नारळ दिला,
खुर्ची दिलशादने घेतली, उशी त्यांच्या घरी पाठवली.
संगणकातलं नाव कोण पुसणार?
आम्ही तिघं अजून त्यांच्याच नावाने आत जातो,
पासवर्ड त्यांची नात, पुढे एक दोन तीन.
तेव्हा देवगडच्या ह्या खोलीत
चूक कुणाचीही असो, करतात मिराशीच.

फोन लावला. पलीकडे पाणी वाजत होतं.
"मिया खंय उघडलंय गो?
मिया हंय खाडयेत गळ टाकून बसलंय,
सकाळपासून एक शेंगटी लागाक नाय."
जरा थांबून,
"सगळा बंद कर. धा आकडे मोज. मगे चालू कर."
सतरा वर्षं हाच उपाय,
दहातले सात वेळा लागू पडलेला.

दहा मोजले. अकरावाही मोजला, उगाच.
चालू झालं तर लिटरच्या रकान्यात
########
########
बारीक आसाचं जाळं वाळत घातलेलं.
शिवदास मोंडकर काउंटरवरून वाकला,
"माजा डिझेल जाळ्यात गावला काय?"
मी रकाना धरून रुंद ओढला
तसा एकेक आकडा वर आला, तडफडत:
दोन हजार तीनशे चाळीस.
"आमका पण असाच ओढूचा लागता," तो म्हणाला
आणि तंबाखू मळत बाकावर बसला.

पण जतन होईना.
वाचा, म्हणे. नुसतं वाचा.

"दिलशाद, तुझ्याकडे उघडी आहे का गं?"
तिच्याकडे वेगळंच. जुन्या फाँटमधली यादी
तिच्या संगणकाला वाचता येत नव्हती,
?????? ???? हिला आठशे लिटर,
???? हिला साडेसहाशे.
ती बोट ठेवून तोंडपाठ भरत होती,
ही जलपद्मिनी, ही बरकत,
ही थोरल्या भावाची, ही धाकट्याची, दोघं बोलत नाहीत.
टिकम शिपायाने आधीच हात वर केले,
"मी फक्त पंखा पुसला."

तासभर मी त्या दुसऱ्या कोणाला तरी शोधत होते.
केबल काढली, फुंकली, घातली.
मनात एकेकाला धुऊन काढलं,
गळ टाकून बसलेल्यालासुद्धा.

मग कोपऱ्यातला तिसरा संगणक.
पडदा काळा, वर कुणाचा तरी रुमाल,
आणि खाली, टेबलाच्या पोटात, बारीक घरघर.
मॉनिटरचं बटण दाबलं.
एकसष्टाव्या ओळीत २३ लिहून
तिसऱ्या आकड्याची वाट बघत
कर्सर लुकलुकत होता,
शनिवार संध्याकाळपासून, रविवारभर,
खोलीत कुणी नसताना.

साडेपाचची एसटी.
धावताना मी फक्त मॉनिटर बंद केला होता.
रुमालही माझाच.

शून्य दाबलं. एंटर. फाईल मिटली.
तिकडे माझ्या टेबलावर ती निमूट उघडली,
जशी काही कधी रुसलीच नव्हती.

"कोण होतं गं?" दिलशादने मान वर न करता विचारलं.
"मिराशी," मी म्हटलं.

पावणेपाचला प्रिंटरने एकशे बारा नौका बाहेर काढल्या.
सगळ्यात खाली, तयार करणाराच्या ओळीत,
त्याने आपणहून त्यांचंच नाव छापलं होतं.
मी वर सही केली.