सूत

मुहर्रकच्या एका जुन्या घराचं
मोजमाप करायला मला धाडलंय.
प्रवाळी दगडांच्या भिंती, छताला चंदलाचे वासे,
आणि प्रत्येक भेग मिलिमीटरमध्ये उतरवायची,
दशांशचिन्हापुढे दोन आकडे.

जिन्याखाली खजुरीच्या चटयांचा ढीग होता.
चौथ्या दिवशी तो उपसला
तेव्हा आधी एक मूठ दिसली,
रबर पाघळून काळ्या गुळासारखं झालेलं.
मग दांडीचे ब्रेक,
मग कुबड काढलेली कातडी सीट,
मग अख्खी सायकल, उभीच, भिंतीला टेकून.

शेजारी दूध पावडरीचा डबा.
त्यात छर्रे, आऱ्यांचे निपल, डायनॅमोचं टोपण,
एक वाकडा कॉटर,
आणि एक मेलेला कोळी,
तोही सुटा भाग वाटावा इतका नीट मिटलेला.

सुपरवायझर म्हणाला, भंगार. यादीत लिहा:
लोखंड, अंदाजे वीस किलो.
मी लिहिलं नाही.

शुक्रवारी दाऊदभाई सरखोत आले.
मूळचे साखरीनाट्याचे,
चाळीस वर्षं हिद्दमध्ये पंक्चर काढतात.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला
(नीट बघायचं असलं की ते चष्मा काढतात)
आणि हात लावण्याआधी वास घेतला.
"माशाचं तेल. बोटीवाल्याचं घर, दुसरं काय घालणार?"

मग नखानं खरवडलं.
हिरवा, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली काळा,
आणि काळ्यावर सोनेरी रेघ, केसाएवढी.
"विलायती," ते हळूच म्हणाले.
मागच्या हबवर राकेलचा बोळा फिरवला,
तसे गंजातून दोन आकडे वर आले: ५४.
चिमटा मात्र दुसऱ्याच घराण्यातला.
पायडल लुधियानाचं.
घंटी कुठली, कोण जाणे.
"मुंबईच्या बोटीनं आली असंल. माझ्यासारखी."

एवढ्यावरून सगळं सांगता?

"सुतावरून स्वर्ग, बाय.
आमच्या धंद्यात सूतच असतं.
स्वर्ग मागणारं गिऱ्हाईक अजून आलं नाय."

कॉटरसाठी मनामात चार दुकानं फिरलो.
शेवटच्या दुकानातल्या पोरानं
वाकड्या कॉटरला डिजिटल कॅलिपर लावला:
नऊ पॉइंट पाच तीन. नाही मिळणार.
दाऊदभाईंनी तो चिमटीत घेऊन नुसता फिरवला.
"तीन सूत," ते म्हणाले,
आणि परत येऊन
पाण्याच्या पंपाचा एक बोल्ट कानशीनं घासत बसले,
मगरीबची अजान होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी घराची मालकीण आली. लुलवा.
ऐंशीच्या पुढची, भाच्याच्या मुलाचा हात धरून.
भिंती बघितल्या नाहीत, नकाशे बघितले नाहीत.
थेट सायकलपाशी.
"बर्फ," ती मोडक्या हिंदीत म्हणाली.
भाऊ घानिम हिच्यावरून बर्फ आणायचा,
गोणपाटात गुंडाळून. घरी पोचेपर्यंत निम्मा.
भाच्याचा मुलगा फोनवर बोलत अंगणात गेला.
तो गेल्याची खात्री करून ती पायरीवर बसली
आणि अबाया वीतभर वर केला.

उजव्या पोटरीच्या आतल्या अंगाला
चार ठिपके, एका रेषेत.
"दुपारी सगळे झोपले की," ती म्हणाली. एवढंच.

दाऊदभाई भिंतीकडे तोंड करून
छर्रे मोजू लागले.
माझ्या डोळ्यांनी सवयीनं माप घेतलं:
ठिपक्यापासून ठिपका अर्धा इंच.
चेनच्या दात्यांमधलं अंतर. चार सूत.

मी पँटची कड वर केली.
माझे तीन आहेत,
इस्लामपूरच्या बाजारपटांगणातले,
मधल्या दांड्याखालून पाय घालून
हाफ पायडल मारायला शिकतानाचे.

तिनं वाकून मोजले. एक, दोन, तीन.
स्वतःच्या चौथ्यावर बोट ठेवलं
आणि जिंकल्यासारखी हसली.
मग सायकलीकडे वळून विचारलं,
ब्रेक लागतो का?

"लागतो," दाऊदभाई भिंतीलाच म्हणाले.
"पण उशिरा."