पाठकोरी

"काका, पाच पानं कोण वाचतं? दोन करा,"
भांडुपची झेरॉक्सवाली शमिका म्हणाली.

टायपिंगची परीक्षा गेली, मिनिटाला चाळीस शब्द.
रंगाच्या कारखान्यातली पहिली सहा वर्षं
घडी घालून एका ओळीत बसवली.

बॉयलर तापला त्या रात्री
व्हॉल्व्ह मी बंद केला होता.
"सर्टिफिकेट आहे?"
नव्हतं.
डिलीट.

उरलं दीड पान.
मग तिनंच अक्षरं फुगवली, समास सैल सोडले.
"आता कसं भरल्यासारखं वाटतं."

दहा रुपये दिले. जुनी पाच मागितली.
"राहू द्या ना, पाठकोरी आहेत,
टेस्ट प्रिंटला लागतात."

राहू दिली.
उद्या त्या बॉयलरच्या पाठीवर
कुणाचा तरी भाडेकरार
उमटेल, फिकट, जरा तिरका.