काय मेलंय इथं

नदी इथून अकरा मैल. नदीपल्याड दुसरा देश.
मधल्या कालव्याचं पाणी मंगळवारी आमचं.
तेवीस वर्षं या मातीत कापूस.
चोविसाव्या मार्चात वडिलांनी आठ एकर बाजूला काढले
आणि पिकअपमधून उतरवलं तागाचं बी,
काळपट, चपटं, घेवड्याच्या धाकट्या भावासारखं.

जिनिंगवाला लासारो कुंपणाला रेलून म्हणाला,
"रेमिहियो, आता दोर पिकवणार?"
"आधी उगवू दे," वडील म्हणाले.

कापसाला आम्ही विचारत आलो,
पाणी हवं का, औषध हवं का, कुणी चावलं का.
याला काही विचारायची सवडच मिळाली नाही.
सहाव्या आठवड्यात माझ्या कमरेला,
नवव्यात वडिलांच्या हॅटला,
मग हॅटही बुडाली.
ते शेतात कुठे आहेत
ते फक्त शिट्टीवरून कळायचं.

कापला. पेंढ्या बांधल्या.
कालव्यात भिजवायला पाटबंधारेवाल्यांची मनाई,
म्हणून गुरांच्या जुन्या टाकीत बुडवल्या, वर दगड.
पाचव्या दिवशी वास सुटला.
तो वास मी सांगणार नाही.
आईनं खिडक्या लावल्या, मावशीनं येणं टाळलं,
आणि सहाव्या दिवशी कुणाच्या तरी तक्रारीवरून
काउंटीचा होल्कोम आला, नाकाला रुमाल, हातात कागद.
"काय मेलंय इथं?"
"कापूस," वडील म्हणाले.

होल्कोम हसला नाही.
टाकीपाशी उकिडवा बसला.
वडिलांनी एक काडी उचलली, बुडाशी मोडली
आणि साल ओढली, एका दमात, टोकापर्यंत;
पाणी निथळलं, आणि हातात उरली
ओल्या केसांसारखी लांब, फिकट बट.
"मला द्या एक," होल्कोम म्हणाला.
त्याची मध्येच तुटली. दुसरीही.
सहावी अख्खी निघाली तेव्हा
रुमाल त्याच्या खिशात होता
आणि कागद चिखलात.

दोन कास्तुलो एक्याऐंशी वर्षांचे. तरुणपणी
पल्याडच्या डोंगरात लेचुगिया ठेचून दोर वळायचे,
नायलॉन आलं आणि हात रिकामे झाले.
त्यांनी बट दाताखाली धरली, ओढली,
थुंकले, म्हणाले, "वाईट नाही."
मग पँट गुडघ्यावर सारून
मांडीवर पीळ द्यायला बसले.
आई दारातून बघत होती.
"यांचा पीळ होताच," ती म्हणाली,
"सुंभ तेवढं यंदा मिळालं."

कागद गिरणीचं उत्तर आलं ऑगस्टात:
आधी चारशे टन दाखवा.
आमच्याकडे होता एक दोर, बत्तीस हात,
गोठ्यातल्या खिळ्यावर,
आणि पिंप-दीड पिंप धागा, ज्याला
लासारोच्या जिनमध्ये घालायला तोंडच नव्हतं.
मी हिशेब मांडला. वडिलांनी तो उलटा धरून पाहिला.
तसाही जमला नाही.

बियांसाठी राखलेली पट्टी पिवळी फुलली, मग वाळली.
नोव्हेंबरात वारा सुटला आणि पिंतो
एक पाय उचललेलाच, जागीच थिजला:
शेंगांत खुळखुळ, हुबेहूब त्या सापाची,
ज्यानं त्याला दोन वर्षांपूर्वी नाकावर गाठलं होतं.
अजून तो तिथून वळसा घालून जातो.

होल्कोम परत आला एका शनिवारी, साध्या शर्टात.
दोर मागितला. बोट बांधायला.
बारा डॉलर मोजून दिले, पावती नको म्हणाला.
वडिलांनी वहीत लिहिलं:
धागा. विक्री. एक.

मग मला हाक मारून धसकटांपाशी नेलं,
एक मूळ उपटलं. गाठीच गाठी, मोहरीएवढ्या.
नखानं त्यातली एक चिरली.
आतून गुलाबी, तान्ह्याच्या हिरडीसारखी.
"हे गिरणीला कुठे माहीत असतं," म्हणाले,
आणि मूळ पुन्हा मातीत दाबलं,
उगवणार नाही हे माहीत असून,
बोटांनी सगळीकडून, घट्ट.

मंगळवार होता. मी फळी उचलायला कालव्याकडे निघाले.