अर्थाची वायर

पहाटे पावणेसहाला, आडगाव नाक्यावर,
पुंजाराम बोरस्त्यांनी सेल्फ मारला
आणि मी शटर अर्धं वर धरून ऐकत राहिलो.
घुर्र... घुर्र...
वीज जाता जाता पिठाची गिरणी फिरते, तसं.
मग नुसतं टक्.

अठ्ठ्याण्णवची गाडी.
निफाडची थंडी टपावर घेऊन आलेली,
ताडपत्रीखाली कांदा, आरशावर दव.

तीन मिस्तऱ्यांची तीन निदानं झालेली.
द्वारकेच्यानं दोन्ही बॅटऱ्या नव्या घ्यायला लावल्या.
सातपूरच्यानं स्टार्टर उतरवला,
कार्बन घातले, बुश घातले, बिल घातलं.
तिसरा म्हणाला, इंजिनच थकलंय काका, फुंकून टाका.

"तेव्हापासून मी उतार बघून झोपतो," पुंजाराम म्हणाले.
म्हसरूळचा उतार, तपोवनाकडचा उतार.
पेठ रोडला एक टपरी आहे,
चहा पांचट, पण उतार चांगला.
दुसऱ्या गिअरात क्लच सोडला की उठते बिचारी.
सीटखाली चाकाला लावायचा दगड,
एका बाजूनं गुळगुळीत झालेला.

मी पान्याला हात लावला नाही. मीटर काढला.
मुश्ताकभाई सांगायचे,
आधी गाडीला बोलू दे, मालक काय, बोलतच असतो.

बॅटऱ्या पंचवीसच्या वर. तरण्याताठ्या.
"मारा."
मारताना बॅटरीवर तेवीस, स्टार्टरवर सोळा.
म्हणजे वाटेत कुणीतरी सात व्होल्ट खातंय.
जाणारी वायर पाहिली: अर्धा. एवढी दस्तुरी चालते.
मग परतीची वाट,
बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत.
साडेसहा.

"अर्थच मिळत नाही हो गाडीला."
पुंजारामांनी मान डोलावली,
जणू हे त्यांना घरीही कुणी म्हणालं होतं.

जाड केबल घेतली. एक टोक मायनसला, एक ब्लॉकला.
"आता मारा."
आणि ती अशी उठली
की समोरच्या हॉटेलातलं कुत्रं दोन पायऱ्या मागं सरकलं.
काळा धूर, मग पांढरा, मग काही नाही,
फक्त इंजिन, स्वतःच्या चालीवर.

बंद करून खाली शिरलो.
चासी निळीशार. वायरचा बोल्ट निळा, वायसरही निळा.
लग सोडवला, तर त्याच्याखालीही
एकसारखा हात, एक थेंब ओघळलेला नाही.

"रंग कुणी दिला?"
वरून बराच वेळ फक्त बुटं दिसली.
"हेमराजनं. दसऱ्याला.
आयटीआय सोडली, मग वर्षभर कुणाशी बोलत नव्हता.
एक दिवस स्वतःच डबा घेऊन आला.
चार दिवस खाली पडून होता गाडीच्या.
म्हटला, दिसत नाही तिथं पण देतो."

पॉलिश पेपर हातात घेऊन मी तसाच पडून राहिलो.
दिसत नाही तिथंच नको होता, एवढंच.
एवढी एकच जागा.

"किती खरवडाल?"
"रुपयाएवढं."
"तेवढंच खरवडा."

लोखंड पांढरं झालं, वर पितळी वायसर, नवी वेणी,
बोल्ट आवळला, ग्रीसचं बोट फिरवलं.
मीटरवर शून्य पॉइंट दोन.
साडेतीनशे झाले. त्यांनी चारशे दिले, पन्नास घेईनात.
"पोराला काय सांगू?"
मी हात पुसत होतो. मला काय ठाऊक?
"सांगा, वायर ढिली होती."

पुढच्या आठवड्यात पेठ रोडला गाडी दिसली.
सपाट जागा भरपूर होती.
पुंजाराम टपरीवर तोच पांचट चहा पीत होते,
गाडी उतारावर,
चाकाखाली दगड.
आणि बॉनेट उघडून आत वाकलेला एक मुलगा,
बोटानं एक वायर धरून ती कुठं जाते ते बघत,
हळूहळू, मागं मागं.